लहान लेकरांचा योग: गावातले आईबाप विचारतात ते प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे आणि शेजारच्या अंगणवाडीतली लेकरंही सकाळी आमच्यातच येऊन बसतात. परिपाठाआधी दहा मिनिटं आम्ही योग करतो. पालकसभेत, किराणा दुकानात, कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या ऑटोत, जिथे भेटतील तिथे आईबाप मला त्याबद्दल विचारतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. हे सगळं तीन ते आठ वर्षांच्या लेकरांपुरतं आहे, मोठ्यांचे नियम वेगळे.

"पोट्टे दिवसभर धावतेच नं. मंग योग कायले पायजे?"

हा पहिला प्रश्न, आणि रास्त प्रश्न. धावणं, झाडावर चढणं, टायर पळवणं, लंगडी, विटीदांडू हे आधी. योग त्याच्या जागी येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे तीन-चार वर्षांच्या लेकरानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी असावी. पाच वर्षांपुढे रोज सरासरी ६० मिनिटं दमदार खेळ हवा. दहा मिनिटांच्या योगानं हा हिशेब पुरा होत नाही. एखाद्या दिवशी खेळ किंवा योग यातलं एकच जमणार असेल तर लेकराला खेळायला सोडा. मी स्वतः तेच करते.

योग वेगळ्या कामाचा आहे. धावताना शरीर आपोआप चालतं, लेकराचं त्याकडे लक्ष नसतं. एका पायावर उभं राहा म्हटलं की लक्ष द्यावंच लागतं. मागच्या वर्षी पहिलीतला एक मुलगा आठवडाभर रोज धपकन पडायचा. एका सकाळी तो पडलाच नाही. मी वाकून पाहिलं तर त्यानं पायाची पाचही बोटं जमिनीत रुतवल्यासारखी पसरली होती आणि नजर समोरच्या कडुलिंबाच्या एका फांदीवर लावून धरली होती. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याच्या पायानंच शोधून काढलं होतं.

आणखी एक गोष्ट. आपली लेकरं दिवसभर धावतात हे आपण आपल्या लहानपणावरून बोलतो. एखाद्या संध्याकाळी आपलं लेकरू किती वेळ पायावर होतं आणि किती वेळ मोबाईल घेऊन बाजेवर आडवं होतं, ते घड्याळ लावून पाहा. मी हे पालकसभेत करायला सांगितलं होतं. पुढच्या सभेत बऱ्याच बाया गप्प होत्या.

नेमके फायदे काय? वाढवून न सांगता सांगा.

तोल सुधारतो. पाठ, खांदे आणि पोटाचे स्नायू थोडे बळकट होतात, मग लिहायला बसल्यावर लेकरू वहीवर लोळत नाही. अंगाची लवचिकता टिकते. लहान लेकरं मुळात लवचिकच असतात, पण तासन्‌तास वाकून बसायची सवय लागली की ती लवकरच आखडायला लागतात. उजवं-डावं, वर-खाली, पुढे-मागे हे शब्द अंगातून कळतात. माझ्या मते पहिलीच्या वर्गाला याचा मोठा उपयोग आहे, कारण अक्षरांची वळणंही त्याच शब्दांनी शिकवावी लागतात.

मनाच्या बाजूनं पाहिलं तर लहान मुलांवर झालेल्या काही अभ्यासांत लक्ष टिकणं, स्वतःला आवरणं आणि भीती-बेचैनी कमी होणं यात फरक दिसला आहे. पण हे अभ्यास बहुतेक छोटे आहेत आणि सगळ्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत. म्हणून "योगानं लेकरू शांत होईलच" अशी हमी मी देत नाही. कोणी देत असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

श्वासाचं मात्र कारण सांगता येतं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. म्हणून श्वास लांब, सावकाश सोडला की शरीराला "आता धोका नाही" असा निरोप जातो. हे मोठ्यांत होतं तसंच लेकरांतही होतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. ज्या रात्री घरी भांडण व्हायचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दप्तर छातीशी धरून बसायची आणि कोणी हात लावला की चावायची. तिला समजावून काही होत नव्हतं. मी तिच्याशेजारी बसून नुसता भुंग्याचा आवाज काढायची, म्म्म्म. चार-पाच दिवसांनी ती माझ्याबरोबर काढायला लागली. पुढे असं झालं की शेजारचं एखादं लेकरू रडायला लागलं की ती स्वतः त्याच्याकडे जायची आणि म्हणायची, "भुंगा कर, भुंगा." तिच्या घरातली भांडणं योगानं थांबली नाहीत. पण त्या भांडणानंतरच्या सकाळी करण्यासारखं काहीतरी तिच्या हाती आलं.

उंची वाढते का? चष्मा जातो का? डोकं तल्लख होतं का?

उंची आईबापाकडून आलेली असते, आणि बाकी ती खाणं, झोप आणि आजारपण यावर ठरते. ताडासनात हात वर ताणले म्हणून हाडं लांब होत नाहीत. चष्मा डोळ्यांच्या व्यायामानं जात नाही. लेकरू फळ्याजवळ सरकून बसत असेल, एक डोळा तिरळा दिसत असेल तर ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासा, आणि लवकर तपासा, कारण तिरळेपणावर लहानपणीच उपाय चांगला होतो. डोकं तल्लख होण्याचं म्हणाल तर लक्ष थोडं जास्त टिकलं की अभ्यास थोडा बरा होतो, एवढंच.

कोणत्या वयात सुरू करावं, आणि किती वेळ?

अडीच-तीन वर्षांचं लेकरू आईचं पाहून आपोआप वाकायला लागतं, तेव्हापासून खेळ म्हणून. मी ठरवलेला अंदाज असा आहे: तीन-चार वर्षांना पाच मिनिटं, पाच-सहा वर्षांना दहा, सात-आठ वर्षांना पंधरा. एका आसनात पाच आकडे मोजेपर्यंत, त्यापेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. लेकरू कंटाळलं की थांबायचं. उद्या ते स्वतःहून यायला हवं असेल तर आज थोडी भूक ठेवूनच उठवा.

दहा मिनिटांत तुम्ही काय करून घेता?

हे सविस्तर सांगते, म्हणजे घरी तसंच करता येईल.

आधी सगळे गोल उभे राहतो. चपला बाहेर. तळपाय जमिनीवर घासायचे, आधी उजवा, मग डावा. मी विचारते, "पायाखाली काय लागलं?" कोणी म्हणतं खडा, कोणी गार, कोणी गुदगुल्या. एवढ्यानंच निम्मी गडबड थांबते.

मग कडुलिंब. पाय जुळवून उभं राहायचं, हात वर, बोटं आभाळाकडे. हेच ताडासन. वारा आला म्हटलं की डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं.

मग बगळा. तळ्याच्या कडेला तो एका पायावर कसा उभा असतो हे आमच्या प्रत्येक लेकरानं पाहिलेलं आहे. एक पाय उचलायचा, नजर एका जागी. ज्यांना जमत नाही त्यांनी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. पडलं तर हसायला परवानगी आहे, चिडवायला नाही. पाचपर्यंत मोजून पाय बदलायचा. गोंदियाकडच्या माझ्या सहकारी बाई बगळ्याऐवजी सारस म्हणतात, कारण त्यांच्या धानाच्या बांध्यांत सारस उतरतात. तुमच्याकडे जे पाखरू असेल ते घ्या.

मग पोळ्याचा बैल. हात आणि टोंगळे, म्हणजे गुडघे, जमिनीवर, मनगटं खांद्यांच्या बरोबर खाली. श्वास घेत मान वर, पाठ खाली: बैल सजून उभा राहिला. श्वास सोडत पाठ वर, मान खाली: बैलानं अंग झाडलं. चार वेळा. पुस्तकात याला मार्जरासन म्हणतात, पण मांजरीपेक्षा बैलावर आमच्या पोरांचा जीव जास्त. टोंगळ्याखाली गोणपाटाची घडी ठेवा, नाहीतर खडा रुततो.

मग साप. पालथं झोपून तळहात छातीशेजारी, कोपरं वाकलेली, डोकं आणि छाती उचलायची, बेंबी जमिनीलाच टेकलेली. आणि जमेल तेवढा लांब "फुस्स". त्या फुस्समध्येच लांब श्वास सोडण्याचा सगळा सराव होतो, वेगळं सांगावं लागत नाही.

मग बेडूक. उकिडवं बसायचं, टाचा टेकवून, आणि तीन उड्या. इथे लेकरं सगळ्यात खूष असतात. एवढा वेळ अंग आवरून धरल्यावर त्यांना उडी लागतेच. ती दिली नाही तर पुढचं शांत बसणं होत नाही.

मग भुंगा, तीन वेळा. मांडी घालून, डोळे मिटून, ओठ मिटून म्म्म्म. डोळे मिटायला भीती वाटत असेल तर उघडे ठेवू द्या, मांडीकडे पाहू द्या.

आणि शेवटी नंदी. तान्ह्या पोळ्याला प्रत्येक घरात लाकडी नंदी येतो. तो एक दिवस मिरवतो आणि वर्षभर फळीवर धूळ खातो. त्यातले हाताच्या पंजाएवढे, हलके नंदी आम्ही शाळेत जमा केले आहेत. लेकरं उताणी झोपतात आणि नंदी पोटावर ठेवतात. श्वास घेतला की नंदी टेकडी चढतो, सोडला की उतरतो. नंदी पडू द्यायचा नाही. एक मिनिट पूर्ण वर्गात कोणी बोलत नाही. बाहेरून जाणारा माणूस थांबून आत डोकावतो, इतकं शांत होतं. "पोटानं श्वास घ्या" हे मी आधी वर्षभर सांगून पाहिलं होतं, कोणाला कळलं नव्हतं. नंदी ठेवला आणि पहिल्याच दिवशी कळलं.

"लेकराले मढ्यावानी काऊन निजवता?"

एका आजीबाईंनी मला हे विचारलं होतं. त्यांचा नातू घरी जाऊन अंगणात हातपाय पसरून पडला आणि म्हणाला, मी शवासन करतो आहे. त्यांना ते अभद्र वाटलं आणि त्यांचं वाईट वाटणं मला पटलं. नाव शवासन असलं तरी ते लेकरांसमोर घ्यायची गरज नाही. आम्ही त्याला आता "पाऊस पडून गेलेलं वावर" म्हणतो. वावर कसं, पाणी पिऊन गप्प पडलेलं असतं. आजीबाईंना हे चालतं.

कपालभाती, अनुलोम-विलोम कधी शिकवायचं?

आठ वर्षांपर्यंत नाही. टीव्हीवर पाहून घरी मोठी माणसं भरभर कपालभाती करतात आणि शेजारी बसलेलं लेकरू नक्कल करतं, हे मी पाहिलं आहे. लहान लेकरांना भरभर श्वास करायला लावू नका. चक्कर येते, हातापायाला मुंग्या येतात. श्वास रोखून धरायला तर मुळीच लावू नका, कोण जास्त वेळ रोखतो अशी शर्यतही नको. लांब सोडणं आणि गुणगुणणं एवढंच या वयाला पुरे.

आमचं लेकरू अंगानं फार बारीक आहे. योगानं अंग धरेल का?

नाही. हे मला ठासून सांगायचं आहे. कुपोषणावर योग हा उपाय नाही, खाणं हा उपाय आहे. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे आणि आसनांनी तो झाकता कामा नये. पाच वर्षांखालच्या लेकराच्या दंडाचा घेर अंगणवाडीताईंकडच्या पट्टीनं मोजून घ्या. साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं. साडेअकरा ते साडेबारा असेल तरी वाढीव आहार आणि लक्ष हवं. अशा लेकराला मी वर्गात बगळा-बैल करायला लावत नाही. ते माझ्याशेजारी बसतं आणि नंदी तेवढा करतं, तेही वाटलं तर. पोटात काही नसलेल्या लेकराकडून अंग ताणून घेणं मला बघवत नाही.

शाळेतल्या जंताच्या गोळीच्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. जंत असले की खाल्लेलं अंगी लागत नाही.

सिकलसेल असेल तर?

हा प्रश्न विदर्भाबाहेर क्वचितच कोणी विचारेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि आमच्या भागातही कितीतरी घरांत हा रक्ताचा आजार आहे. सिकलसेलमध्ये अंगात पाणी कमी झालं, फार दमणूक झाली, थंडी बाधली किंवा प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, छाती, पोट असह्य दुखायला लागतं.

आधी लेकराचं सिकलसेल तपासणीचं कार्ड पाहा. "एएस" म्हणजे लेकरू वाहक आहे. ते सहसा इतरांसारखंच सगळं करू शकतं, फक्त पाणी भरपूर प्यायला हवं आणि उन्हात दमवू नये. "एसएस" म्हणजे लेकराला आजार आहे. त्याला डॉक्टरांना विचारूनच हलका योग करू द्यावा. सुरू करण्याआधी आणि झाल्यावर पाणी. थंडीच्या दिवसांत स्वेटर घालूनच आणि ऊन आल्यावर. श्वास रोखणं नाही, चढाओढ नाही, दम लागेल असं काही नाही. प्लीहा, म्हणजे पोटातली पाणथरी, वाढलेली असेल तर पोटावर दाब येणारं काहीच नको, म्हणजे साप नाही आणि खोल पुढे वाकणंही नाही. दुखायला लागलं की तिथेच थांबायचं, ऊब द्यायची, पाणी द्यायचं आणि आरोग्य केंद्र गाठायचं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या योग सुरू केला म्हणून एक दिवसही बंद करायच्या नाहीत.

माझ्या वर्गात असं एक लेकरू आहे. त्याची पाण्याची बाटली वर्गाच्या दारातच टांगलेली असते आणि त्याला पाणी प्यायची आठवण करायचं काम सगळ्या वर्गानं आपणहून घेतलं आहे.

दमा, फिट किंवा दुसरा काही त्रास असला तर?

दमा असलेल्या लेकराला बैल, भुंगा, नंदी चालतात, पण पंप बंद करायचा नाही आणि धाप लागलेली असताना योग करायचा नाही. फिट येत असतील तर भरभर श्वास पूर्ण वर्ज्य, त्यानं काही प्रकारचे झटके येऊ शकतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या लेकरांच्या मानेचे मणके सैल असू शकतात, म्हणून त्यांना कोलांटी नको आणि मानेवर भार येईल असं काहीच नको. अंतर्गळ असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कान वाहत असेल, ताप असेल तर आधी डॉक्टर. जन्मजात हृदयाचा त्रास असेल तरी तसंच.

काय अजिबात करून घेऊ नये?

शीर्षासन, हलासन आणि डोक्यावर किंवा मानेवर भार येणारं सगळं. लहान लेकराचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि मान नाजूक.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. काही वर्षांपूर्वी तालुक्याला एक कार्यक्रम होता. आमच्या शाळेचं प्रात्यक्षिक उठून दिसावं म्हणून मी दुसरीतल्या एका चपळ मुलाला पंधरा दिवस शीर्षासन शिकवलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सराव करताना त्याचा तोल गेला आणि मान लचकली. आठ दिवस तो मान तिरपी धरून वर्गात बसला. त्याच्या आईनं मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. रोज सकाळी त्याला सोडायला यायची आणि जाताना म्हणायची, "बाई, पाहजा." ती चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर मी लहानांचं प्रात्यक्षिक कधी केलं नाही आणि करणारही नाही. टाळ्यांसाठी केलेल्या योगात लेकरू स्वतःच्या शरीराकडे पाहत नाही, आपल्याकडे पाहतं.

आणखी एक. लेकराला हातानं दाबून, ओढून आसनात बसवू नका. टोंगळा खाली दाबणं, पाठ दाबून डोकं पायाला लावणं, हे कोणी करत असेल तर पालक म्हणून थांबवा.

सकाळी चहा-पोळी खाऊन येतात. चालेल का?

अर्धी पोळी चहात बुडवून खाल्ली असेल तर अर्ध्या तासानं चालतं. पोटभर जेवण झालं असेल तर दोन-अडीच तास थांबा. खिचडी खाऊन लगेच कधीच नाही.

जागा, चटई, कपडे?

विकतची चटई लागत नाही. सतरंजी, गोधडी, धुतलेलं पोतं, काहीही. सारवलेलं अंगण सगळ्यात चांगलं, कारण त्यावर पाय घसरत नाही. फरशीवर ओल असेल तर बगळा करू नका. पावसाळ्यात पोतं, सतरंजी अंथरायच्या आधी झटकून घ्या. आमच्याकडे एकदा घडीतून विंचू निघाला आहे. रोजचे सैल कपडे पुरतात. मुलींनी फ्रॉकखाली चड्डी किंवा सलवार घातली की त्या संकोचत नाहीत.

आणि फवारणीच्या दिवसांत, साधारण पोळ्याच्या आगेमागे, वावराच्या धुऱ्याजवळ बसून श्वासाचं काही करू नका. आमची शाळा कपाशीला लागून आहे. वास आला की आम्ही दारं लावून आत जातो आणि त्या दिवशी फक्त गोष्ट सांगतो.

आम्ही उजाडताच वावरात जातो. घरी लेकराजवळ कोण बसणार?

आजी-आजोबा. खरं सांगायचं तर तेच चांगले गुरू आहेत. उकिडवं बसणं, मांडी घालून जेवणं, जमिनीवरून हात न टेकता उठणं हे त्यांनी आयुष्यभर केलं आहे. आता टोंगळे दुखतात म्हणून त्यांना जमत नसेल तर त्यांनी बाजेवर बसून आकडे मोजावेत. ज्या घरी आजोबा मोजतात तिथली लेकरं रोज करतात. ज्या घरी मोबाईलवर व्हिडिओ लावून देतात तिथली चार दिवसांत सोडतात, मग तोच मोबाईल कार्टूनकडे वळतो.

लेकरू ऐकतच नाही, नुसतं लोळतं.

लोळू द्या. तुम्ही तुमचं करत राहा. रागावून योग करून घेता येत नाही.

आम्ही बौद्ध आहोत, शेजारी मुस्लिम आहेत, पलीकडे गोंड वस्ती आहे. हे सगळ्यांचं आहे का?

आमच्या वर्गात हे सगळेच आहेत. आम्ही मंत्र म्हणत नाही, कोणत्या देवाचं नाव घेत नाही. ओंकाराऐवजी भुंगा आहे. कोणाला घरी ओम म्हणायचा असेल तर त्यांनी म्हणावा, तो त्यांचा भाग.

पण श्वासाकडे पाहत गप्प बसणं आपल्या भागाला नवं नाही. बुद्धविहारात आनापान करतात, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहतात. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये "मित्र उपक्रम" या नावानंही ते थोड्या मोठ्या मुलांसाठी आलं. गुरुदेव सेवा मंडळ असलेल्या गावांत पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या काळापासून चालू आहे आणि तिथे गावातलं कोणीही येऊन बसतं. लेकरू यातल्या कुठेही मोठ्यांच्या मांडीशी दहा मिनिटं गप्प बसलं असेल तर त्याचं अर्धं शिक्षण झालेलं असतं.

योग दिनाला शाळेत काय असतं?

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा दिवस जाहीर केला आणि २०१५ पासून तो साजरा होतो. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, बहुतेक जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे त्या दिवशी आमची लेकरं पुष्कळदा सुट्टीवरच असतात, कोणी मामाच्या गावी, कोणी पेरणीच्या घाईत आईबापाबरोबर. मला त्याचं दुःख नाही. शाळा उघडल्यावरच्या पहिल्या सोमवारी आम्ही नंदी पुसून काढतो आणि सुरू करतो.

आम्हाला नीट शिकायचं असेल तर कुठे जावं?

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं आपले देशी खेळ जर्मनीत दाखवले होते. तिथे योगाचं रीतसर शिक्षण मिळतं. नागपूरला रामनगरमध्ये जनार्दनस्वामींनी उभं केलेलं योगाभ्यासी मंडळ आहे. दोन्हीकडून शिकून आलेले शिक्षक आसपासच्या तालुक्यांत सापडतात, चौकशी करा. मात्र शिकवणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: पाच वर्षांच्या लेकराकडून तुम्ही काय करून घेणार नाही? ज्याच्याकडे याचं उत्तर तयार असेल त्याच्याकडे लेकरू पाठवा.

एप्रिल-मेमध्ये चालू ठेवायचं का?

पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सकाळी सातनंतर अंगणात काहीच नको. सकाळच्या शाळेच्या दिवसांत आम्ही साडेसहाला सुरू करून पाच मिनिटांत आटोपतो, आणि आधी प्रत्येकाला माठातलं पाणी. मोहफुलं वेचायला पहाटे आईबरोबर जंगलात जाणारी लेकरं आधीच वाकून-वाकून थकलेली असतात, त्यांना त्या महिन्यात बैल-बेडूक नकोत. मे अखेरच्या कडक उन्हाच्या, नवतपाच्या नऊ दिवसांत तर सगळंच बंद ठेवा. रात्री अंगणात बाज टाकली की लेकराला उताणं झोपवा, पोटावर नंदी ठेवा आणि तो किती वेळा टेकडी चढला ते त्यालाच मोजायला सांगा. आमच्याकडे अजून कोणी तिसाच्या पुढे जागं राहिलेलं नाही.